इन्शुरन्स नसलेल्यांसाठी फ्री क्लिनिक काढायचंय (टेक्सस): आधी काय, नंतर काय?

चांदणवेल

आमच्या मराठी मंडळाच्या आरोग्य समितीतर्फे विचारतेय. आमच्या काउंटीत इन्शुरन्स नसलेल्यांसाठी महिन्यातले दोन शनिवार मोफत क्लिनिक चालवायचा बेत आहे. हाताशी सात डॉक्टर आहेत (चार इंटर्नल मेडिसिन, दोन फॅमिली, एक निवृत्त कार्डिऑलॉजिस्ट), शिवाय दोन नर्स प्रॅक्टिशनर आणि एक फार्मासिस्ट. देवळाचा हॉल फुकट मिळतोय आणि ४०,००० डॉलर जमलेत. काउंटीला हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट (करातून सार्वजनिक हॉस्पिटल चालवणारी यंत्रणा) नाही, म्हणजे डॅलसच्या पार्कलँडसारखी किंवा ह्यूस्टनच्या हॅरिस हेल्थसारखी सोय नाही. टेक्ससने मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी इन्शुरन्स) वाढवलेलं नाही हे तर माहीतच आहे.

अडलंय ते असं: मंडळाच्याच नोंदणीखाली चालवावं की वेगळी संस्था काढावी? मालप्रॅक्टिसचं, म्हणजे उपचारातल्या चुकीबद्दलच्या दाव्यांचं, काय? औषधं हातात देता येतात का? भारतात एमबीबीएस, एमडी झालेले पण इथलं लायसन्स नसलेले चौघंजण मदतीला तयार आहेत, त्यांना काय काम देता येईल? आणि सुनेकडे, लेकीकडे सहा महिने आलेले आईवडील यात बसतात का? हा शेवटचा प्रश्न समितीत सगळ्यात जास्त वेळा निघतो. हॉल जानेवारीपासून मिळतोय, म्हणून तेव्हाच उघडायची घाई चालली आहे.

हिशेबी

संस्थेपासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर लटकतं.

वेगळी संस्था काढा. मंडळाच्या नावावर क्लिनिक चालवलं आणि उद्या दावा लागला तर गणपतीच्या वर्गणीसकट सगळी शिल्लक त्यात ओढली जाईल. टेक्ससमध्ये नॉनप्रॉफिट कॉर्पोरेशनची नोंदणी सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे होते. मग आयआरएसकडे (फेडरल कर खातं) ५०१(सी)(३) साठी, म्हणजे धर्मादाय संस्थेच्या करमाफीसाठी, फॉर्म १०२३. इथे बरेच जण १०२३-ईझेड भरायला जातात, कारण फी ६०० ऐवजी २७५ डॉलर आणि फॉर्म तीन पानांचा. पण हॉस्पिटल सदरात येणाऱ्या संस्थांना ईझेड चालत नाही, आणि आयआरएसच्या व्याख्येत वैद्यकीय सेवा हेच मुख्य काम असलेलं बाह्यरुग्ण क्लिनिकही त्या सदरात येऊ शकतं. तेव्हा पूर्ण १०२३ च भरा. संस्था स्थापन झाल्यापासून २७ महिन्यांच्या आत अर्ज गेला तर करमाफी स्थापनेच्या तारखेपासून लागू होते. तोवर थांबायचं नसेल तर एखाद्या मोठ्या ५०१(सी)(३) कडून फिस्कल स्पॉन्सरशिप घ्या. देणगी त्यांच्या नावावर येते आणि ते ठरलेली टक्केवारी कापून घेतात.

उद्देशाच्या कलमात "मंडळाचे सभासद" किंवा "मराठी कुटुंबं" असं चुकूनही लिहू नका. लाभार्थी वर्ग खुला असावा लागतो. काउंटीचा रहिवासी, इन्शुरन्स नाही, उत्पन्न अमुक मर्यादेत, एवढंच. मर्यादा बहुतेक ठिकाणी फेडरल पॉव्हर्टी लेव्हलच्या (सरकारी दारिद्र्यरेषेच्या) २०० टक्के असते. २०२५ च्या आकड्यांनी ती एकट्या माणसाला वर्षाला ३१,३०० आणि चौघांच्या कुटुंबाला ६४,३०० डॉलर पडते. आकडे दर जानेवारीत बदलतात, म्हणून नियमात रक्कम न लिहिता टक्का लिहा.

आता एक असा खड्डा, जो दुसऱ्या वर्षी दिसतो. जमा ५०,००० च्या आत असेल तर वार्षिक रिटर्न म्हणजे फक्त ९९०-एन, पाच मिनिटांचं काम. पण दान आलेल्या औषधांची आणि वस्तूंची किंमतही जमेत धरावी लागते (डॉक्टरांच्या फुकट वेळेची धरत नाहीत). इनहेलर आणि इन्सुलिनचे दोनचार खोके आले की तुम्ही पन्नास हजार ओलांडलेच, मग ९९०-ईझेड किंवा पूर्ण ९९०. सलग तीन वर्षं रिटर्न गेलं नाही तर करमाफी आपोआप रद्द होते, कुणी विचारायलाही येत नाही. औषध आल्या दिवशी किंमत लिहून ठेवणारं एक माणूस नेमा.

अर्धशिशी

मालप्रॅक्टिसबद्दल. टेक्ससमध्ये दोन छत्र्या आहेत आणि दोन्ही समजून घ्या.

पहिली राज्याची: चॅरिटेबल इम्युनिटी अँड लायबिलिटी ॲक्ट, १९८७. स्वयंसेवक डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांना नुकसानभरपाईच्या दाव्यापासून संरक्षण मिळतं, पण अट अशी की उपचाराआधी रुग्णाने लेखी निवेदनावर सही केलेली पाहिजे: ही सेवा मोबदल्याशिवाय दिली जातेय आणि त्याबदल्यात भरपाई मागण्याच्या हक्कावर मर्यादा आहे, हे मला समजलं. सही उपचारानंतर घेतली तर तिचा उपयोग नाही. स्पॅनिश, व्हिएतनामी, जी भाषा तुमच्या दारात येईल तिच्यात हा कागद तयार ठेवा. न समजलेल्या कागदावरच्या सहीला वकील दोन मिनिटांत उडवतो. संस्थेच्या जबाबदारीलाही मर्यादा मिळते, पण त्यासाठी संस्थेकडे माणशी ५ लाख आणि घटनेमागे १० लाख डॉलरचा लायबिलिटी विमा असावा लागतो. म्हणजे "कायदा आहे, विमा कशाला" हे गणित चुकतं. विमा आहे म्हणूनच मर्यादा आहे.

दुसरी फेडरल: एफटीसीए (फेडरल टॉर्ट क्लेम्स ॲक्ट). १९९६ च्या हिपा कायद्यातून फ्री क्लिनिकच्या स्वयंसेवकांपर्यंत ती आली आणि २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टने संचालक, कर्मचारी, कंत्राटी माणसं यांनाही आत घेतलं. हर्साकडे (हे काम बघणारं फेडरल आरोग्य खातं) अर्ज करायचा. मंजूर झालं की त्या व्यक्तीवर दावा लागला तरी प्रतिवादी अमेरिकेचं सरकार असतं. फुकट आहे, पण कष्टाने मिळतं: प्रत्येकाचं लायसन्स मूळ बोर्डाकडून पडताळलेलं, नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेची चौकशी, गुणवत्ता आराखडा, रेफरल आणि लॅबचा मागोवा ठेवायची लेखी पद्धत, आणि दर वर्षी पुन्हा अर्ज.

यात लोक हमखास घसरतात अशा तीन जागा. एक, मान्यता माणसाच्या नावाने असते. नवा डॉक्टर उत्साहाने शनिवारी आला आणि बसला, असं होत नाही. हर्साच्या पत्रात नाव येईपर्यंत त्याने रुग्ण तपासायचा नाही, किंवा स्वतःची पॉलिसी आणायची. दोन, रुग्णालाही लेखी सूचना द्यावी लागते, ती राज्याच्या निवेदनापेक्षा वेगळी. तीन, रुग्णाकडून किंवा कुठल्याही विम्याकडून, मेडिकेडकडून पैसे घ्यायचे नाहीत. ऐच्छिक देणगी चालते. पण काउंटरवर "सुचवलेली देणगी १० डॉलर" अशी पाटी आणि मागे बसलेली व्यक्ती, ही झाली फी. पेटी दाराजवळ ठेवा, तिच्याजवळ कुणी उभं राहू नका.

सभागृहात पाय घसरून पडणं, संचालकांचे निर्णय, नोकरीवरून वाद, हे यातल्या कशातच येत नाही. जनरल लायबिलिटी आणि डायरेक्टर्स अँड ऑफिसर्स पॉलिसी वेगळी घ्या. देवळाचा विमा क्लिनिक चालवायला मान्यता देतो का, हेही लेखी विचारा.

निवृत्त कार्डिऑलॉजिस्टबद्दल: केवळ धर्मादाय काम करणाऱ्या निवृत्त डॉक्टरांसाठी टेक्सस मेडिकल बोर्डाकडे फी माफ असलेली नोंदणी आहे. लायसन्स पूर्ण सोडून दिलं असेल तर परत मिळवणं कटकटीचं, म्हणून सोडायच्या आधी विचारा. आणि न्यू जर्सीतला भाचा फोनवरून रुग्ण बघतो म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. रुग्ण जिथे बसलाय तिथलं लायसन्स लागतं. तुमच्या दोन नर्स प्रॅक्टिशनरनाही औषध लिहायला डॉक्टरबरोबर लेखी प्रिस्क्रिप्टिव्ह ऑथॉरिटी करार लागेल.

सदाफुली

सगळे कागदांवर बोलतायत, मी शनिवार ते शनिवारच्या मधल्या चौदा दिवसांबद्दल बोलते. फ्री क्लिनिक बंद पडतात ते डॉक्टर मिळत नाहीत म्हणून क्वचितच. सात डॉक्टर भरपूर आहेत. मधल्या दिवसांना मालक नसतो, म्हणून बंद पडतात.

उदाहरण बघा. शनिवारी पंचावन्न वर्षांचा माणूस आला, बीपी १७०/१००, मधुमेह. डॉक्टरांनी लिसिनोप्रिल सुरू केलं, अगदी बरोबर. आता एक ते दोन आठवड्यांत त्याचं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघायला हवं. लॅबची चिठ्ठी कोण देणार? रक्त मंगळवारी गेलं, रिपोर्ट बुधवारी आला, पोटॅशियम ६.१. ज्या डॉक्टरांनी गोळी लिहिली त्यांची पुढची पाळी पाच आठवड्यांनी. रिपोर्ट क्लिनिकच्या फॅक्सवर किंवा ईमेलवर पडून. आणि लॅबला असा धोक्याचा आकडा दिसला की ती रात्री दोन वाजता फोन करते, कुणाला? खातं उघडताना "क्रिटिकल व्हॅल्यूसाठी चोवीस तास उचलला जाणारा नंबर" विचारतात. तिथे देवळाच्या ऑफिसचा नंबर घालणारी मंडळी असतात.

म्हणून उघडायच्या आधी या गोष्टी ठरवा:

आठवड्याचा "रिपोर्ट डॉक्टर". सात जणांची आळीपाळी, सोमवार ते रविवार, त्या आठवड्यात कुणीही मागवलेला रिपोर्ट त्याच्याच जबाबदारीचा. "माझा रुग्ण नव्हता" हे वाक्य बंद.

लॅब वही. कागदाची असो वा स्प्रेडशीटची, रकाने असे: नाव आणि जन्मतारीख, तपासणी, पाठवल्याची तारीख, रिपोर्ट आल्याची तारीख, डॉक्टरने बघितल्याची सही, रुग्णाला कळवल्याची तारीख आणि कसं. शेवटचा रकाना रिकामा राहिलेली ओळ म्हणजे उघडी केस. दर सोमवारी कुणीतरी फक्त रिकामे रकाने शोधायचे. पाठवलेलीच रक्तं लॅबपर्यंत पोचली नाहीत, हेही इथेच कळतं. नाहीतर रिपोर्ट आला नाही म्हणजे नॉर्मल असणार, असं सगळे धरून चालतात.

फोन. इन्शुरन्स नसलेल्या लोकांचे प्रीपेड नंबर महिन्या-दोन महिन्यांत बदलतात. प्रत्येक भेटीला नंबर विचारा आणि शेजारी, बहीण, कामाची जागा असा दुसरा नंबर घ्या, "तिथे निरोप ठेवू का?" याची परवानगी लिहून.

आणि हे सगळं स्वयंसेवकावर सोडू नका. पहिला पगार डॉक्टरचा नाही, यंत्राचा नाही, एका को-ऑर्डिनेटरचा. नर्स असेल तर सोन्याहून पिवळं, नाहीतर अनुभवी मेडिकल असिस्टंट. आठवड्याला २० तास, ताशी २८ डॉलर धरले तर वर्षाला २९,१२०. त्यावर मालकाचा ७.६५ टक्के पेरोल टॅक्स, म्हणजे साधारण ३१,३५०. तुमच्या ४०,००० तला उरतो काय? विमा आणि लॅबपुरते साडेआठ हजार. म्हणून म्हणते, जानेवारीत उघडू नका. दुसऱ्या वर्षाच्या पगाराची तजवीज होईपर्यंत थांबा. बीपीची गोळी सुरू करून आठ महिन्यांनी कुलूप लावण्यापेक्षा उशिरा उघडलेलं बरं.

गोळीबंद

औषधं. फार्मासिस्ट आहे म्हणताय, तर टेक्ससमध्ये क्लास डी फार्मसी लायसन्सकडे बघा. ते अशाच क्लिनिकसाठी आहे: मर्यादित यादी, आधीच पाकिटबंद करून लेबल लावलेली औषधं, फार्मासिस्ट-इन-चार्जची नियमित भेट आणि तपासणी; रोज तिथे उभं राहायची गरज नाही. नियंत्रित औषधं त्यात नाहीत, आणि तेच बरं. दारावर मोठ्या अक्षरात लिहा: "इथे नार्कोटिक, झोपेच्या किंवा चिंतेच्या नियंत्रित गोळ्या ठेवत नाही आणि लिहून देत नाही." अर्धी भांडणं दारातच मिटतात.

पण आधी विचार करा की फार्मसी हवीच का. वॉलमार्टने २००६ साली सुरू केलेली चार डॉलरची यादी अजून चालू आहे: ३० दिवसांचे ४, ९० दिवसांचे १० डॉलर. मेटफॉर्मिन, लिसिनोप्रिल, ॲम्लोडिपिन ही नेहमीची मंडळी अशा याद्यांमध्ये सापडतात. शेजारच्या स्वतंत्र फार्मसीशी करार करून ही बिलं क्लिनिकने भरली तर लायसन्स, साठा, मुदतबाह्य औषधांची विल्हेवाट, सगळी डोकेदुखी वाचते. माझं मत: पहिलं वर्ष फक्त व्हाउचर, म्हणजे रुग्णाने चिठ्ठी घेऊन त्या फार्मसीत जायचं आणि बिल क्लिनिकने भरायचं. इनहेलर आणि इन्सुलिनसाठी कंपन्यांचे रुग्ण-सहाय्य कार्यक्रम. त्यांचे फॉर्म भरणं हे को-ऑर्डिनेटरच्या वेळेतलं मोठं काम आहे, ते सदाफुलींच्या वीस तासांत धरा. दान औषधांसाठी डायरेक्ट रिलीफ, अमेरिकेअर्स, डिस्पेन्सरी ऑफ होप या संस्था आहेत, पण त्या लायसन्स आणि साठवणूक विचारतात.

यादी तीसचाळीस औषधांची ठेवा आणि डॉक्टरांना ती पाळायला लावा. सात डॉक्टरांचे सात आवडते स्टॅटिन (कोलेस्टेरॉलच्या गोळ्या) असले की कपाटात सात अर्धवट बाटल्या आणि एकही पुरेशी नाही.

सॅम्पल. एमआर मंडळी पिशवी भरून देतात, ब्रँडेड आणि नवीन. रुग्ण त्यावर बसतो, तीन महिन्यांनी सॅम्पल आटतात, आणि दुकानात तीच गोळी महिन्याला काहीशे डॉलर. जे औषध वर्षभर पुरवता येणार नाही ते सुरू करू नका.

आता हॉल. शनिवार सोडून एसी बंद असतो ना? टेक्ससच्या जुलैत बंद खोलीत पारा किती जातो ते सांगायला नको. गोळ्या २० ते २५ अंश सेल्सिअसला ठेवायच्या असतात, ग्लुकोज स्ट्रिप बहुतेक ३० अंशांपर्यंत. शिजलेल्या स्ट्रिप चुकीचा आकडा देतात आणि चुकीचा आहे हे दिसतही नाही. कपाटात किमान-कमाल तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर ठेवा, किंवा सगळं को-ऑर्डिनेटरच्या वातानुकूलित ऑफिसात हलवा. लसींच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडूच नका. त्याला २ ते ८ अंशांचा खास फ्रिज लागतो (होस्टेलमधला, वर छोटा बर्फाचा कप्पा असलेला चालत नाही), कॅलिब्रेशनचा दाखला असलेला डेटा लॉगर, दर तीस मिनिटांची नोंद, आणि वीज गेली तर लसी कुठे हलवायच्या याचा कागद. काउंटीच्या आरोग्य खात्याकडे पाठवा.

चांदणवेल

खूपच उपयोगी. सदाफुली, तुमचा मुद्दा समितीत मांडते, विरोध होणार हेही दिसतंय. अजून दोन गोष्टी: क्लिनिकमध्ये नक्की काय तपासायचं आणि काय नाही? कार्डिऑलॉजिस्ट ईसीजी यंत्र आणायचं म्हणतायत. आणि लायसन्स नसलेले डॉक्टर व आईवडील राहिलेच.

अर्धशिशी

तपासण्यांसाठी क्लियाचं (लॅब तपासण्यांचा फेडरल कायदा) सर्टिफिकेट ऑफ वेव्हर, म्हणजे साध्या तपासण्यांपुरती परवानगी, घ्या. सीएमएस-११६ हा फॉर्म, दोन वर्षांची मुदत. बोटातून साखर, वेव्ह्ड (या परवानगीत बसणाऱ्या) यंत्रावर ए-वन-सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लघवीची पट्टी, प्रेग्नन्सी टेस्ट, स्ट्रेप हे त्यात बसतं. हे सर्टिफिकेट नसताना एक साधा ग्लुकोमीटर वापरणंही नियमाबाहेर. सूक्ष्मदर्शकाखाली काही बघायचं असेल तर वेगळं सर्टिफिकेट, ते सोडून द्या. बाकी रक्त मोठ्या लॅबकडे, पण रुग्णाच्या नावाने बिल न जाता क्लिनिकच्या खात्यावर सवलतीच्या दराने जाईल असा करार आधी करा. नाहीतर रुग्णाच्या घरी पूर्ण दराचं बिल जातं आणि तो परत येत नाही.

सामान फारसं लागत नाही: दोन खोल्या किंवा आडोसे, हात धुवायला वाहतं पाणी, बीपी यंत्राला तीन मापांचे कफ (जाड दंडाला छोटा कफ लावला की बीपी खोटं वाढतं आणि उगाच एक गोळी वाढते), वजनकाटा, ऑक्सिमीटर, ऑटोस्कोप, पायाची संवेदना बघायला १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, एईडी (बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारं यंत्र), एपिनेफ्रिन, ॲस्पिरिन, ग्लुकोज. पडद्याचे आडोसे असतील तर पलीकडचं सगळं ऐकू येतं. मध्ये आवाजाचं यंत्र लावा आणि नोंदणीचं टेबल लांब न्या.

ईसीजी मला नको वाटतो. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी नॉर्मल आला तरी त्याला ९११ नेच पाठवायचं आहे. मग यंत्र काय बदलतं? उलट नॉर्मल पट्टी बघून कुणीतरी त्याला घरी पाठवेल.

सदाफुली

इथे थोडी असहमत. छातीच्या दुखण्यासाठी नको, बरोबर. पण नाडी अनियमित लागली तर एट्रियल फिब्रिलेशन पकडायला ईसीजी स्वस्त आणि कामाचा आहे, आणि तुमच्याकडे वाचायला माणूस आहे. अट एकच: कार्डिऑलॉजिस्ट हजर असतील त्याच शनिवारी यंत्राचं कपाट उघडायचं.

"काय करायचं नाही" याबद्दल मात्र मी कडक आहे. ज्याचा पुढचा रस्ता नाही ती स्क्रीनिंग करू नका. मलातल्या रक्ताची एफआयटी किट स्वस्त मिळते, वाटायला छान वाटते. पॉझिटिव्ह आली की कोलोनोस्कोपी हवी. ती कोण करणार, कुठे, किती जणांची? हॉस्पिटल किंवा गॅस्ट्रो ग्रुपकडून "वर्षाला इतक्या" असं लेखी घेतल्याशिवाय एकही किट देऊ नका. स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं उलट आहे, तिथे रस्ता आहे: राज्याचा ब्रेस्ट अँड सर्व्हायकल कॅन्सर सर्व्हिसेस कार्यक्रम, आणि कॅन्सर निघाला तर पात्र बाईला त्यासाठीचं मेडिकेड मिळू शकतं. जवळचं केंद्र कोणतं ते शोधून ठेवा. गरोदर बाई आली तर चिप पेरिनेटल (चिप म्हणजे मुलांसाठीचा सरकारी इन्शुरन्स, हा त्यातला पोटातल्या बाळासाठीचा). आईची इमिग्रेशन स्थिती त्यात आड येत नाही. मुलं आली तर तपासण्याआधी चिल्ड्रन्स मेडिकेड किंवा चिपचा अर्ज भरून द्या. नोकरी नुकतीच गेलेला कुणी आला तर मार्केटप्लेसची (सरकारी इन्शुरन्स बाजाराची) खास नोंदणी आणि कोब्रा (जुन्या नोकरीतला इन्शुरन्स स्वतः पैसे भरून चालू ठेवणं) या दोन्हींची ६० दिवसांची मुदत उलटतेय का ते आधी बघा. एच-वनवाल्यांचं त्या ६० दिवसांत व्हिसाकडेच लक्ष असतं, इन्शुरन्स विसरतात.

काउंटीचा इंडिजंट हेल्थ केअर (अगदी गरिबांच्या उपचारांचा) कार्यक्रम असेलच, १९८५ च्या कायद्याने तो हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट नसलेल्या काउंटीला चालवावा लागतो. पण उत्पन्नाची किमान मर्यादा पॉव्हर्टी लेव्हलच्या २१ टक्के, म्हणजे एकट्या माणसाला महिन्याला पावणेतीनशे डॉलरच्या आत. काही काउंट्यांनी ती वाढवलीय, तुमचीच्या वेबसाइटवर बघा.

मोठ्या आजारासाठी नॉनप्रॉफिट हॉस्पिटलची आर्थिक मदत योजना. ५०१(आर) नियमांनुसार (अशा हॉस्पिटलच्या करमाफीच्या अटी) ती लेखी असावी लागते आणि डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज घ्यावा लागतो. लोक बिल बघून घाबरून ड्रॉवरमध्ये टाकतात. "गेल्या आठ महिन्यांत हॉस्पिटलचं बिल आलंय का?" हा प्रश्न नोंदणीच्या फॉर्मवरच छापा. एक अर्ज मंजूर झाला तर त्या घरासाठी ते तुमच्या वर्षभराच्या गोळ्यांपेक्षा मोठं काम असतं. त्याच हॉस्पिटलला दर तीन वर्षांनी समाजाच्या आरोग्यगरजांचा अहवाल जाहीर करावा लागतो. तो डाउनलोड करा, त्यात तुमच्या गरजेचं पान शोधा आणि ते पान घेऊनच त्यांच्याकडे लॅब आणि एक्स-रे मागायला जा. हात जोडून जाण्यापेक्षा हे जास्त चालतं.

लायसन्स नसलेले डॉक्टर: तपासणी, निदान, सल्ला, काहीही नाही. "जरा बघून घ्या हो काका" हेसुद्धा नाही. तो विनापरवाना व्यवसाय होतो, आणि त्यांचं पुढे रेसिडेन्सीचं स्वप्न असेल तर तेही जातं. १९९७ चा फेडरल व्हॉलंटियर प्रोटेक्शन ॲक्टही लायसन्स लागणाऱ्या कामात लायसन्स नसलेल्याला वाचवत नाही. पण बीपी घेणं, डॉक्टर बोलतील ते टिपणं, रुग्ण-सहाय्य फॉर्म, सोमवारचे रिकामे रकाने, यासाठी त्यांच्याइतकी चांगली माणसं मिळणार नाहीत. पोटॅशियम ६.१ म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. ते लगेच रिपोर्ट डॉक्टरला फोन लावतील. बिल्ल्यावर "डॉ." लिहू नका, रुग्ण त्यांनाच विचारायला लागतात.

हिशेबी

आईवडिलांबद्दल, कारण हे शेवटी धोरणाचं आहे. नियम एकच आणि सगळ्यांना सारखा. "काउंटीचा रहिवासी" याची व्याख्या संचालक मंडळाने ठरावात लिहावी. सहा महिन्यांसाठी आलेला पाहुणा त्यात बसतो असं लिहिलंत तर मेक्सिकोहून, नायजेरियातून आलेली आजीही बसली पाहिजे. बसत नाही असं लिहिलंत तर अध्यक्षांचे सासरेही नाहीत. दारात ठरवायला गेलात की ओळखीच्यांची रांग वेगळी होते, आणि संचालकांच्या नातेवाइकांना झुकतं माप म्हणजे करमाफीलाही धोका. माझा सल्ला: बसवू नका. ट्रॅव्हल इन्शुरन्स, आणि रोजच्या गोळ्या व प्रिस्क्रिप्शन येतानाच आणणं, याचं माहितीपत्रक मंडळाने वेगळं काढावं. ते मंडळाचं काम आहे, क्लिनिकचं नाही.

उत्पन्नाचा पुरावा म्हणून पे-स्टब किंवा टॅक्स रिटर्न मागा. रोखीत मजुरी करणाऱ्याकडे दोन्ही नसतं, त्याला स्वतःचं सही केलेलं निवेदन चालवा. सोशल सिक्युरिटी नंबर आणि इमिग्रेशन स्थिती विचारूच नका. विचारलं नाही तर कागदावर येत नाही, आणि कागदावर नाही ते कुणी मागू शकत नाही.

गोळीबंद

त्याला जोडून. क्लिनिक, शाळा अशा ठिकाणी इमिग्रेशन कारवाई टाळायचं जे फेडरल धोरण होतं ते जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतलं गेलं. हॉलचा कुठला भाग सार्वजनिक आणि कुठला फक्त रुग्ण-कर्मचाऱ्यांचा, याच्या पाट्या लावा. आतल्या भागात शिरायला न्यायाधीशाची सही असलेलं वॉरंट लागतं. खात्याच्या अधिकाऱ्याने सही केलेला कागद पुरत नाही. दारावरच्या स्वयंसेवकाने वाद घालायचा नाही, कागद घ्यायचा आणि नेमलेल्या एका माणसाला बोलवायचं. ते नाव आणि वकिलाचा नंबर नोंदणीच्या टेबलाखाली चिकटवून ठेवा.

चांदणवेल

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. १०२३ आणि हर्साची कागदपत्रं आत्ताच सुरू करू, उघडणं पुढे ढकलायचा प्रस्ताव मांडते. दरम्यान सात डॉक्टर रिकामे बसून उत्साह घालवतील, त्यांना काय देऊ?

सदाफुली

क्रेडेन्शियलिंगच्या फायली. लायसन्स, बोर्ड सर्टिफिकेट, लसीकरण, सीपीआर कार्ड, ओळखपत्र. प्रत्येकाची एक, मुदती वहीत. जो डॉक्टर महिनाभरात स्वतःची फाइल पूर्ण करत नाही तो रिपोर्टच्या आठवड्यात फोनही उचलणार नाही, हे तुम्हाला आत्ताच कळेल. आणि रिपोर्ट डॉक्टरची पाळी आजपासून लावा, रुग्ण नसताना. रोज कुठल्याही वेळी क्रिटिकल नंबरवर एक खोटा फोन करायचा, किती मिनिटांत उचलला ते लिहायचं.